एका सूत्राची बावीस वर्षे

नववीपर्यंत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना एक सूत्र पाठ असते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. इंग्रजी माध्यमातली मुले त्याला ‘एफ बरोबर एमए’ म्हणतात. परीक्षेत त्यावर हमखास एखादे गणित येते. वस्तुमान दिलेले असते, त्वरण दिलेले असते, गुणाकार करायचा आणि पुढे ‘न्यूटन’ हे एकक लिहायचे. पाठ करायला अर्धा मिनिट पुरतो.

ज्याच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते त्या आयझॅक न्यूटनला मात्र त्यामागचा विचार पक्का करायला बावीस वर्षे लागली. गती आणि धक्के यांवरची पहिली टिपणे त्याने 1665च्या जानेवारीत वहीत उतरवली, आणि गतीचे नियम छापील पुस्तकात आले 1687च्या जुलैत. गंमत म्हणजे त्या पुस्तकातही हे सूत्र आपल्या ओळखीच्या रूपात नाही. जगातल्या अत्यंत तल्लख मेंदूंपैकी एकाला तीन अक्षरांसाठी एवढा वेळ का लागला, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात सापडते. त्यात त्याची चिकाटी आहे, एक मोठी चूक आहे, आणि ती दाखवून देणाऱ्याला श्रेय न देण्याचा हट्टही आहे.

सावत्र वडिलांची वही

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या वुल्सथॉर्प या खेड्यात 1642च्या नाताळच्या दिवशी आयझॅकचा जन्म झाला. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती तारीख 4 जानेवारी 1643 येते. वडील शेतकरी होते. मुलाच्या जन्माच्या तीन महिने आधीच ते वारले होते. मूल अपुऱ्या दिवसांचे आणि इतके लहान, की ते जगेल अशी कुणाला आशा नव्हती.

आयझॅक तीन वर्षांचा झाला तेव्हा आई हॅनाने शेजारच्या गावातल्या बार्नबस स्मिथ या वयस्कर धर्मोपदेशकाशी लग्न केले. ती सासरी गेली आणि मुलगा आजीकडे राहिला. आई हाकेच्या अंतरावर, पण आपल्याजवळ नाही, अशी सात-आठ वर्षे त्याने काढली. हा राग किती खोल होता ते पुढे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या पापांची यादी केली, तेव्हा आई आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी दिल्याची कबुली त्या यादीत होती.

1653मध्ये स्मिथ वारला आणि हॅना तीन लहान मुलांना घेऊन परत आली. आयझॅकला लवकरच ग्रँथमच्या शाळेत घालण्यात आले. तिथे एका औषधविक्रेत्याच्या घरी त्याची राहण्याची सोय होती. पवनचक्कीची छोटी प्रतिकृती करणे, सूर्याच्या सावलीवरून वेळ सांगणारी घड्याळे भिंतीवर आखणे हे त्याचे उद्योग. सतराव्या वर्षी आईने त्याला शेती बघायला घरी बोलावले. शेतीत त्याचे मन नव्हते. मेंढ्या आणि डुकरे दुसऱ्याच्या रानात शिरली म्हणून त्याला दंड झाल्याची नोंद आहे. अखेर मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी आईची समजूत घातली, आणि 1661मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. घरची परिस्थिती वाईट नव्हती, पण आईने हात आखडता घेतला. त्यामुळे इतरांची किरकोळ कामे करून शिकावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांत त्याचे नाव लागले. आपल्याकडच्या ‘कमवा आणि शिका’सारखेच ते.

सावत्र वडिलांकडून त्याला एक वस्तू वारशाने मिळाली. धर्मशास्त्राच्या टिपणांसाठी बांधून घेतलेली एक जाडजूड वही, जिची बहुतेक पाने कोरीच राहिली होती. त्या काळी कागद महाग होता. न्यूटनने ती वही वापरायला काढली आणि तिला ‘रद्दी वही’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्या माणसामुळे आई दुरावली त्याच्याच वहीत गतीचे नियम पहिल्यांदा उमटू लागले.

बैल थांबला की गाडी थांबते

तेव्हा केंब्रिजमध्ये अजूनही ॲरिस्टॉटल शिकवला जात होता. त्याचे म्हणणे रोजच्या अनुभवाला धरून होते. बैल ओढतात तोवर गाडी चालते, बैल थांबले की गाडी थांबते. म्हणजे गती टिकवायला सतत जोर लावावा लागतो. दोन हजार वर्षे हे मत टिकले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. आजही आपल्यापैकी अनेकांच्या मनात नकळत हेच असते.

इटलीत गॅलिलिओने याला तडा दिला होता. गुळगुळीत उतारावरून गोळे सोडून त्याने दाखवले, की घर्षण जितके कमी करावे तितका गोळा सपाटीवर लांब जातो. घर्षण अजिबात नसेल तर तो थांबण्याचे कारणच उरत नाही. गाडी थांबते ती बैलांनी ओढणे सोडले म्हणून आपोआप नाही. चाकांचे आणि रस्त्याचे घर्षण तिला थांबवते म्हणून. फ्रान्सच्या देकार्तने पुढे म्हटले, की मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेतच जात राहील. न्यूटनने देकार्त स्वतःच मिळवून वाचला. अभ्यासक्रमात तो नव्हता.

रद्दी वहीत न्यूटनने दोन गोळे एकमेकांवर आपटले तर काय होते, यापासून सुरुवात केली. गती टिकवायला नव्हे, गती बदलायला बल लागते, हा विचार तिथे आकार घेताना दिसतो. जितका बदल मोठा तितके बल मोठे. वस्तू जितकी मोठी तितका तोच बदल घडवायला जास्त बल. सूत्राच्या दिशेने पहिले पाऊल पडले होते.

1665च्या उन्हाळ्यात प्लेगची साथ आली आणि विद्यापीठ बंद झाले. मधले काही महिने सोडले तर पुढची दोनेक वर्षे न्यूटन वुल्सथॉर्पला घरीच होता. सफरचंदाची प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. सफरचंद डोक्यात पडले नव्हते. झाडावरून पडणारे फळ पाहून विचार सुरू झाला, असे त्याने म्हातारपणी ओळखीच्यांना सांगितले. विचार असा होता, की फळाला खाली आणणारा ओढा उंच फांदीपर्यंत पोहोचत असेल, तर तो चंद्रापर्यंत का पोहोचू नये?

गोफणीतला दगड

इथेच ती चूक झाली. न्यूटनने चंद्राचे गणित केले, पण विचाराची दिशा उलटी होती.

शेतात पाखरे हाकलायला गोफण फिरवणाऱ्याला हाताला ताण जाणवतो. दगड बाहेर पळू पाहतोय असे वाटते. त्या काळातले बहुतेक विद्वान याच नजरेने बघत. फिरणाऱ्या वस्तूत केंद्रापासून दूर जाण्याची ओढ असते, असे ते मानत. तरुण न्यूटननेही ही बाहेरची ओढ मोजली. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्याने काढले. मग चंद्राची बाहेरची ओढ आणि पृथ्वीवरचे गुरुत्व यांची तुलना केली. गुरुत्व चार हजारांहून थोडे अधिक पटींनी मोठे निघाले. अंतराच्या वर्गाचा हिशेब धरला तर 3600 यायला हवे होते. त्याने वापरलेला पृथ्वीचा आकार चुकीचा होता. आकडा जवळ आला, पण जुळला नाही, आणि कागद बाजूला पडला.

गोफणीकडे नीट पाहिले तर गोष्ट वेगळीच आहे. दोरीचे टोक सोडले की दगड केंद्रापासून थेट बाहेर उडत नाही. त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच सरळ रेषेत, वर्तुळाला स्पर्श करून निघून जातो. म्हणजे दगडाला फक्त सरळ जायचे आहे. हात त्याला क्षणोक्षणी आत ओढून त्याची दिशा वळवतो. वेग तेवढाच राहिला तरी दिशा बदलली की गती बदलली, आणि गती बदलली की तिथे बल आहे. त्वरण म्हणजे केवळ वेग वाढणे नव्हे. वेग कमी होणे आणि दिशा वळणे हेही त्वरणच. सूत्रातल्या या अक्षराचा पूर्ण अर्थ न्यूटनला लागायला अजून चौदा-पंधरा वर्षे जायची होती.

मधल्या काळात त्याचे नाव झाले ते प्रकाशामुळे. लोलकातून पांढरा प्रकाश फोडून त्यात रंग मिसळलेले असतात हे त्याने दाखवले, आरशाची दुर्बीण बनवली, 26व्या वर्षी केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला आणि 1672मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य. पण प्रकाशावरच्या त्याच्या निबंधावर सोसायटीच्या रॉबर्ट हूकने टीका केली आणि न्यूटन बिथरला. टीका त्याला कधीच सोसत नसे. वाद टाळायचा तर छापायचेच नाही, असा मार्ग त्याने धरला. खोलीत भट्ट्या पेटवून किमयेचे प्रयोग आणि बायबलचा अभ्यास यांत त्याची वर्षे जाऊ लागली.

नकोशा माणसाचे पत्र

1679च्या उन्हाळ्यात आई तापाने आजारी पडली. न्यूटन तिच्याकडे धावला. रात्र रात्र तिच्या उशाशी बसला, तिच्या फोडांची मलमपट्टी स्वतःच्या हाताने केली. ती वाचली नाही. घरादाराची निरवानिरव करून तो केंब्रिजला परतला, तेव्हा एक पत्र आले. लिहिणारा होता हूक.

हूकने एक कल्पना मांडून मत विचारले होते. ग्रहाची गती दोन गोष्टींपासून बनली आहे असे मानले तर? एक, सरळ रेषेत जात राहणे. दुसरी, मध्यभागी असलेल्या सूर्याकडे होणारी ओढ. हीच ती गोफणीची खरी समज. बाहेरच्या ओढीची गरजच नाही. सरळ जाणे आपोआप, वळणे मात्र बलामुळे.

उत्तरादाखल न्यूटनने पृथ्वीच्या पोटात पडत जाणाऱ्या वस्तूचा मार्ग काढून पाठवला, आणि तो चुकला. हूकने ती चूक रॉयल सोसायटीत सर्वांसमोर वाचून दाखवली. न्यूटन संतापला, पत्रव्यवहार तोडला, आणि दार लावून गणिताला बसला. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होणारी ओढ असेल तर ग्रहाचा मार्ग लंबवर्तुळाकार का येतो, हे त्याने सिद्ध केले. हूकला कल्पना सुचली होती, पण तिचे गणित त्याला जमले नव्हते. ते जमलेल्या न्यूटनने कुणाला काहीच सांगितले नाही.

1684च्या जानेवारीत लंडनमध्ये हूक, वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन आणि 27 वर्षांचा खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांच्यात याच प्रश्नावर चर्चा झाली. हूकने आपल्याकडे उत्तर असल्याचे सांगितले. रेनने दोन महिन्यांची मुदत दिली आणि चाळीस शिलिंगांचे पुस्तक बक्षीस लावले. उत्तर आले नाही. ऑगस्टमध्ये हॅली सरळ केंब्रिजला गेला आणि न्यूटनला विचारले. त्याने लगेच लंबवर्तुळ असे सांगितले आणि हे आपण कधीच सिद्ध केले आहे, असेही. कागद शोधले, सापडले नाहीत. पुन्हा लिहून पाठवतो म्हणाला. नोव्हेंबरमध्ये नऊ पानी टिपण हॅलीच्या हाती पडले. वाचताच तो पुन्हा केंब्रिजला निघाला. आपल्या हाती काय आले आहे ते त्याला कळले होते.

सर्वांत अवघड अक्षर

आता न्यूटन झपाटला गेला. हंफ्री न्यूटन नावाचा एक तरुण तेव्हा त्याचा लेखनिक होता. आडनाव तेच, नाते काही नाही. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणींत न्यूटन जेवण विसरतो, ताट तसेच राहते, फिरायला निघालेला मधूनच वळून जिना चढतो आणि उभ्यानेच लिहू लागतो. नऊ पानांचे टिपण वाढत वाढत तीन खंडांचे पुस्तक झाले.

या दीड-दोन वर्षांत त्याने व्याख्या पुन्हा पुन्हा खोडून लिहिल्या. बल आणि त्वरण यांचा संबंध हाती आला होता. अडत होते ते वस्तुमानापाशी.

तोवर लोक वजन जाणत होते. बाजारात तराजू होते. पण वजन म्हणजे पृथ्वीने लावलेला ओढा. 1672मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला होता. पॅरिसमध्ये नेमका एक सेकंदाचा ठोका देणारा लंबक तिथे मागे पडू लागला आणि त्याची लांबी किंचित कमी करावी लागली. याचा अर्थ विषुववृत्ताजवळ ओढा कमी होता. फरक हजारात सुमारे तीन एवढाच, पण खरा. मग लंबकातला धातू कमी झाला का? नाही. वजन जागेप्रमाणे बदलते, आणि वस्तूत आणखी काहीतरी असे आहे जे कुठेही नेले तरी बदलत नाही. न्यूटनने त्याला द्रव्याची राशी म्हटले आणि पुस्तकाची पहिलीच व्याख्या त्याला दिली. आपण त्याला वस्तुमान म्हणतो. गती बदलायला वस्तू जो विरोध करते, तो या वस्तुमानामुळे. साठ किलोचा माणूस चंद्रावर गेला तर त्याचे वजन सहावा हिस्सा उरेल, पण त्याला ढकलून वेग द्यायला इथल्याइतकेच बल लागेल.

यातून एक जुने कोडे सुटते. जड दगड आणि हलका दगड एकाच उंचीवरून सोडले तर बरोबरच का पडतात? दुप्पट वस्तुमानाच्या दगडाला पृथ्वी दुप्पट बलाने ओढते, पण वेग घ्यायला तो विरोधही दुप्पट करतो. दुप्पट भागिले दुप्पट, त्वरण तेच. पण हे सगळ्याच पदार्थांना लागू पडते का? सोने आणि लाकूड यांच्यात वजनाचे वस्तुमानाशी प्रमाण वेगळे असू शकत नाही का?

न्यूटनने ते तपासले. सारख्या आकाराच्या दोन लाकडी डब्या घेतल्या आणि अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांनी त्या लंबकासारख्या टांगल्या. एकीत लाकूड भरले, दुसरीत तेवढ्याच वजनाचे सोने. डब्या सारख्याच, म्हणून हवेचा अडथळाही सारखाच. लंबक शेजारी शेजारी सोडले. प्रमाणात फरक असता तर काही वेळाने एक पुढे गेला असता आणि एक मागे पडला असता. ते बराच वेळ जोडीने झुलत राहिले. मग चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू अशी पाळी लागली. निकाल तोच. हजारात एका भागाचा फरक असता तरी तो या प्रयोगात दिसला असता. स्वयंपाकघरातले मीठ आणि टांकसाळीतले सोने एकाच नियमाने चालत होते.

चंद्राचा जुना हिशेबही आता जुळला. पृथ्वीच्या अचूक मापावरून न्यूटनने दाखवले, की झाडावरचे फळ पहिल्या एका सेकंदात जेवढे खाली येते, म्हणजे सुमारे 4.9 मीटर, तेवढाच चंद्र एका मिनिटात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे वळतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठ पट लांब, म्हणून त्याचे त्वरण साठाच्या वर्गाने, 3600 पटींनी कमी. फळ आणि चंद्र, दोघांनाही एकच बल खेचत होते.

माशांचे पुस्तक आणि हॅलीचा खिसा

पुस्तक छापायचे रॉयल सोसायटीने ठरवले, पण तिजोरी रिकामी होती. माशांवरचा एक सचित्र ग्रंथ छापून संस्थेचे पैसे अडकले होते. हॅलीला तर पगाराऐवजी त्याच ग्रंथाच्या प्रती देण्यात आल्या. शेवटी न्यूटनच्या पुस्तकाचा खर्च हॅलीने स्वतः उचलला. मुद्रिते तपासली, आकृत्या बघितल्या.

एवढ्यात हूकने आपल्या कल्पनेचा उल्लेख व्हावा अशी मागणी केली. मागणी अवास्तव नव्हती. पण न्यूटन इतका भडकला, की तिसरा खंड देणारच नाही म्हणाला, आणि हूकच्या नावाचे बरेच उल्लेख मसुद्यातून काढून टाकले. हॅलीने पत्रामागून पत्रे लिहून त्याला शांत केले. 1687च्या जुलैत ‘प्रिन्सिपिया’ या नावाने ओळखला जाणारा लॅटिन ग्रंथ बाहेर आला. हूकवरचा राग मात्र गेला नाही. 1703मध्ये हूक वारला आणि त्याच वर्षी न्यूटनने रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद स्वीकारले.

‘प्रिन्सिपिया’नंतरची वर्षे सोपी नव्हती. 1693मध्ये न्यूटनचे मानसिक संतुलन ढळले. झोप उडाली, भूक गेली. मित्रांवर विचित्र आरोप करणारी पत्रे त्याने लिहिली आणि सावरल्यावर तत्त्वज्ञ जॉन लॉकची माफीही मागितली. विसाव्या शतकात त्याच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत पाऱ्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले. किमयेच्या प्रयोगांत तो वर्षानुवर्षे पारा तापवत होता, त्यामुळे पाऱ्याची विषबाधा हे एक कारण सांगितले जाते. पण पाऱ्याने दात गळतात, हात कापतात, आणि न्यूटनचे दात म्हातारपणीही शाबूत होते. म्हणून अतिश्रम आणि एकटेपणा यांनाही बरेच अभ्यासक तितकेच जबाबदार धरतात.

1696पासून तो लंडनच्या टांकसाळीत अधिकारी होता आणि बनावट नाणी पाडणाऱ्यांचा कर्दनकाळ ठरला. अखेरच्या काळात त्याला मूत्राशयातल्या खड्याने ग्रासले. 1727च्या मार्चमध्ये, 84व्या वर्षी त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजेरजवाड्यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली.

सूत्र लिहिले कुणी?

‘प्रिन्सिपिया’तला दुसरा नियम शब्दांत आहे. लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि बलाच्या दिशेने गतीत बदल होतो, असा त्याचा आशय. न्यूटनच्या लेखी गतीची राशी म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ज्याला आपण संवेग म्हणतो. वस्तुमान कायम असेल तर संवेग बदलण्याचा दर म्हणजेच वस्तुमान गुणिले त्वरण. अर्थ तोच, पण पुस्तकभर भूमितीच्या आकृत्या आहेत, समीकरण नाही.

हा ग्रंथ लोकांपर्यंत नेणे हेही मोठे काम होते. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने 1749मध्ये त्याचे भाषांतर पूर्ण केले. तेव्हा ती गरोदर होती आणि या बाळंतपणातून आपण वाचणार नाही अशी तिला धास्ती होती. हात चालवून तिने काम संपवले आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. तिच्या मृत्यूनंतर छापलेले ते भाषांतर फ्रेंच वाचक आजही वापरतात. पुढच्याच वर्षी, 1750मध्ये, लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने बर्लिनच्या अकादमीपुढे एक निबंध मांडला. तीन दिशांसाठी तीन समीकरणे, प्रत्येकात एका बाजूला बल आणि दुसऱ्या बाजूला वस्तुमान व त्वरण. त्या काळच्या एककांमुळे त्यात 2 हा एक आकडा जास्तीचा होता, एवढेच. पाठ्यपुस्तकातल्या सूत्राचा चेहरा ऑयलरचा आहे, गाभा न्यूटनचा. 1948मध्ये बलाच्या एककाला अधिकृतपणे ‘न्यूटन’ हे नाव मिळाले. शंभर ग्रॅमचे लहानसे सफरचंद तळहातावर ठेवले तर हाताला जाणवणारे बल सुमारे एक न्यूटन असते.

या सूत्राचा हिशेब मांडायला प्रयोगशाळा लागत नाही. दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाचे डोके ताशी बावीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने रस्त्यावर आदळते आहे असे समजू. डोक्याचे वस्तुमान पाच किलो धरू. कठीण रस्त्यावर ते दोन हजारांश सेकंदात थांबले तर त्वरण होते सेकंद वर्गाला 3000 मीटर आणि बल 15,000 न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाएवढे. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपत चेपत हाच थांबण्याचा वेळ दहा हजारांशांपर्यंत ताणतो असे मानले, तर बल उतरते 3000 न्यूटनवर. डोक्याचे वस्तुमान तेच, वेग तोच, रस्ता तोच. बदलला फक्त वेळ आणि त्यामुळे त्वरण. गाडीतला सीटबेल्टही हेच काम करतो. अर्थात हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असेल तरच. नाहीतर गाडी थांबते, डोके सरळ रेषेत पुढे जात राहते आणि हेल्मेट तिसरीकडेच पडते.